हिरव्या झग्याचा भाव

आमच्या आईने एका अख्ख्या राज्यात महागाई आणली. ते राज्य खरं नव्हतं, एवढाच काय तो आमच्या घराण्याचा बचाव.

माझी मोठी बहीण शीतलताई लग्न होऊन मस्कतला गेली, तेव्हाची ही गोष्ट. परदेशी फोन म्हणजे "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच निम्मे पैसे उडायचे. यावर ताईच्या नवऱ्याने, आमच्या प्रशांत भावोजींनी, तोडगा काढला. ते एक ऑनलाइन गेम खेळायचे. त्यात राक्षस होते, किल्ले होते, आणि मुख्य म्हणजे टाइप करून फुकटात वाट्टेल तेवढ्या गप्पा मारता यायच्या! बदलापूरला आमच्या बेलवलीच्या घरात नुकतंच इंटरनेट आलं होतं. झालं. जगभरातली पोरं जिथे एकमेकांची मुंडकी उडवत होती, तिथे एका झाडाखाली उभं राहून आईने इंग्रजी अक्षरांत ताईला पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?"

आईचं पात्र मी निवडलं, आणि घाईत निवडलं. त्यामुळे आई झाली छातीपर्यंत दाढी आणि हातात कुऱ्हाड असलेला एक धिप्पाड योद्धा. नाव ठेवलं 'शीतलचीआई'.

"ही दाढी काढता येते का रे, मन्या?"

"नाही येत."

"असू दे मग. ऊन तरी लागणार नाही."

येणाऱ्याजाणाऱ्याला ती "जयभीम" टाइप करायची. आठवड्याभरात कोण कुठला ब्राझीलचा पोरगा तिला उलट "जयभीम आई" म्हणू लागला. (त्याला ते तिचं आडनाव वाटत होतं, असं पुढे कळलं.) बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मभराचे युनियनवाले. "राक्षस झाला म्हणून काय, तोही कामगारच," असं म्हणून त्यांनी मारामारीला साफ नकार दिला. त्यांचं पात्र नदीकाठी गळ टाकून मासे धरत बसायचं.

आई मात्र रिकामी बसणाऱ्यातली नाही. तिथे एका दलदलीत जखमा भरून काढणारी मुळी उगवायची. ती उपटणं इतकं कंटाळवाणं होतं की पोरं तिकडे फिरकायची नाहीत. पण जिने आयुष्यभर मेथी निवडली, तिला दलदलीचं काय! दुपारभर बसून आईने मुळ्यांचा डोंगर उभा केला आणि मला विचारलं, "आता याचं काय करायचं?"

आणि इथे मी तोंड उघडलं.

त्या गेममध्ये एक बाजार होता. आपली वस्तू ठेवायची, भाव लिहायचा, ज्याला हवी तो बटण दाबून घेणार. विकणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला दिसायचं नाही आणि घेणाऱ्याचं विकणाऱ्याला. वर एक फळा असायचा, त्यावर प्रत्येक वस्तूचा चालू भाव. मुळीचा चालू भाव होता दहा मोहरा. मी तेव्हा उल्हासनगरला एका जीन्सच्या दुकानात कामाला होतो, आणि बाजार म्हणजे काय हे आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. आमच्या सेठचा मंत्र एकच, "पहले तीन गुना बोलने का. फिर ग्राहक को जीतने देने का." गिऱ्हाईक निम्म्याच्याही खाली मागतं, आपण कपाळाला हात लावायचा, गिऱ्हाईक पाय आपटत पायरीपर्यंत जातं, आपण हाक मारायची, "आओ बहनजी, आप की बात रही!" दोन्ही पार्ट्या खूश.

"आई, तीस लाव," मी म्हणालो.

"दहाच्या मुळीला तीस? लोक शिव्या घालतील रे!"

"अगं, घासाघीस करतील ना! करत करत येतील दहावर. आपलं काय जातंय?"

आता, ज्या बाजारात नुसतं बटण दाबायचं असतं तिथे घासाघीस कोण, कशी आणि कोणाशी करणार, हा प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला! दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या मुळ्या तीसच्या भावाने साफ. पोटात भाला घुसलेला माणूस भाव करत बसत नाही, हे आमच्या सेठने कधी सांगितलं नव्हतं.

फळ्यावर चालू भाव झाला तीस. आईने विचारलं, "आता?" मी म्हणालो, "नव्वद." त्याही गेल्या! मग बाकीचे काय मूर्ख आहेत? महागड्या मुळ्या खाऊन राक्षस मारणाऱ्यांनी राक्षसाच्या कातड्याचा भाव वाढवला. कातडं महाग म्हणून बूट महाग, बूट महाग म्हणून पायी गहू आणणारे महाग, गहू महाग म्हणून पाव महाग. तेवढ्यात आईने मोठ्या मायेने ताईला गुपित सांगितलं, "बाई गं, काही विकलंस तर तिप्पट लाव हो. लोक कमी करतातच." ताईने ते भावोजींना सांगितलं, ब्राझीलच्या पोराने फळ्यावरचं बघून उचललं, आणि ही शिकवण राज्यभर पसरली.

एक दिवस बाबा कॉम्प्युटरसमोरून तणतणत उठले.

"माझ्या गळाला लावायचा पाव! परवा दोन मोहरांना होता, आज चाळीस! कोण साला साठेबाजी करतोय?"

"असतील कोणी मेले," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी कॅलेंडरकडे बघत होतो.

बाबांच्या अंगातला युनियनवाला जागा झाला. त्यांनी गळ ठेवला आणि भर बाजारात उभं राहून घोषणा टाइप केल्या, "महागाई मुर्दाबाद! साठेबाजांना अटक करा!" पहिल्या दिवशी मोर्च्याला दोन बुटके आणि एक वाट चुकलेली मेंढी आली. आईला राहवेना. नवऱ्याच्या मोर्च्याला माणसं नाहीत म्हणजे काय? संध्याकाळी तीही दाढी आणि कुऱ्हाड घेऊन पुढच्या रांगेत! सकाळी भाव तिप्पट करायचा आणि संध्याकाळी त्याच भावाविरुद्ध ओरडायचं, असा तिचा दिनक्रम पंधरवडाभर चालला. (यात तिला काही विसंगत वाटत नव्हतं. "ते माझं काम, हे त्यांचं," असं ती म्हणायची.)

इतपत सगळं हसण्यावारी होतं. मग ताईला सातवा महिना लागला, आणि डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिचं रडणं मला कधीच बघवत नाही.

"एकुलती एक लेक माझी. तिकडे परक्या मुलखात तिची ओटी कोण भरणार रे?"

मग तिनेच पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "झाडाखाली करू."

"काय?"

"डोहाळजेवण. रोज भेटतो ना तिथे सगळे? तिथेच करू. फक्त हिरवं पाहिजे. हिरवं नेसल्याशिवाय कसलं आलंय डोहाळजेवण? तिला सांगू नका, अचानक देऊ."

गेममध्ये साडी नव्हती, पण एक पायघोळ हिरवा झगा होता. एके काळी दोनशे मोहरांत यायचा. मी फळा बघितला. नऊ हजार! आई म्हणाली, "लुटारू आहेत लुटारू!"

रविवार ठरला. रविवारी सकाळी आमच्याकडे लाइट जायची, म्हणून बदलापूर गावातल्या सायबर कॅफेत गेलो. तिथे इन्व्हर्टर होता. आई जरीची साडी नेसून, केसांत गजरा माळून कॉम्प्युटरसमोर बसली. शेजारच्या खुर्चीवर बाबा, इस्त्रीच्या शर्टात. तिसऱ्यावर मी. गोळ्या झाडत बसलेल्या पोरांनी आपोआप आवाज कमी केले.

बाजार उघडला. हिरवा झगा अख्ख्या राज्यात एकच शिल्लक. भाव सत्तावीस हजार!

"कोणीतरी चोराने तिप्पट लावलाय!" मी ओरडलो.

"मग भाव कर ना," आई शांतपणे म्हणाली.

"कोणाशी? बटणाशी?"

"उठून जायचं नाटक कर. दुकानात गिऱ्हाईक करतं तसं."

आणि मी उठलो! खरंच उठलो. खुर्ची मागे सारली, तोंड वाकडं केलं आणि कॅफेच्या दारापर्यंत गेलो. मागून हाक येते का, म्हणून क्षणभर थांबलोसुद्धा.

"काय झालं, बॉस? हँग झाला का?" कॅफेवाल्याने विचारलं.

"नाही, भाव करतोय."

परत येऊन बघितलं. सत्तावीस हजार. आईकडे मुळ्यांचे साठलेले पंधरा हजार होते. खाली बारा हजार. ताई तिकडे झाडाखाली येऊन विचारत होती, "सगळे कुठे आहात?" आईचा चेहरा मला बघवेना. माझ्या पात्राकडे एक पांढरा घोडा होता, चांदीची तलवार होती आणि अंगावर चिलखत. उभं वर्ष घालवून कमावलेलं सगळं. मी तिन्ही बाजारात टाकलं, आणि ताबडतोब जावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा खाली भाव लावला. मिनिटात उचललं कोणीतरी. बारा हजार आले, मी बटण दाबलं. झगा आमचा!

डोहाळजेवण झक्क झालं. ताईला झगा दिला तेव्हा तिने तो लगेच अंगावर चढवला. मग लिहिलं, "आई, मी रडतेय." इकडे कॅफेत आईही रडत होती, आणि पडद्यावर तिचा दाढीवाला योद्धा कुऱ्हाड खाली ठेवून लेकीची ओटी भरत होता. ओटीत बाबांनी धरलेले पाच मासे घातले. नारळ मिळेना, म्हणून एका लहान राक्षसाचं डोकं घातलं. (शेंडी होती त्याला.) माझं पात्र चिलखत विकल्यामुळे चड्डीवर उभं होतं, पण त्या घडीला मला त्याचं काही वाटलं नाही. कॅफेतल्या एका पोराने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात भावोजी आले. पांढऱ्या घोड्यावरून. अंगात चकचकीत चिलखत, हातात चांदीची तलवार.

"उशीर झाला, सॉरी!" त्यांनी टाइप केलं. "बाजारात होतो. कोणीतरी येडा हे सगळं मातीमोल विकत होता, घेऊन टाकलं. आणि आई, तुमचा सल्ला म्हणजे एक नंबर! शुक्रवारी राक्षस मारताना मला एक झगा मिळाला होता. तुम्ही म्हणता तसा तिप्पट लावला. म्हटलं कोणी कमी करायला सांगेल, तर पठ्ठ्याने एक पैसा कमी न करता घेतला!"

मी विचारलं, "कोणता झगा?"

"हिरवा."

भावोजींच्या शेजारीच ताई हिरव्या झग्यात उभी होती, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"अहो, डोहाळजेवणाला हिरवं लागतं हे तुम्हाला माहीत नाही?" ताईने लिहिलं, आणि पुढे ओळभर हसणं. भावोजी बिचारे ओशाळले. म्हणाले, घोडा, तलवार, पैसे, सगळं आत्ता परत देतो.

"छे, छे!" बाबा कॅफेत मोठ्याने म्हणाले. "जावयाला दिलेलं परत घ्यायचं नसतं."

आणि म्हणता म्हणता थांबले. ताईचं लग्न आम्ही विहारात साधेपणाने लावलं होतं, एका पैशाचा हुंडा न देता, आणि त्याच मांडवात बाबांनी हुंड्याविरुद्ध अर्धा तास भाषण ठोकलं होतं. आता समोर पडद्यावर जावई घोड्यावर बसला होता, कमरेला आमची तलवार, खिशात आईचे रोख पंधरा हजार.

"मन्या," बाबा हळूच म्हणाले, "हा हुंडा झाला का रे?"

"नाही हो, बाबा," मी म्हणालो. "हुंडा ठरवून देतात."

ताईने त्या दिवशी पडद्याचा फोटो काढून ठेवला, आणि तो मस्कतच्या घरात फ्रेम करून लावलाय. माझी भाची आता बोलायला लागली आहे. ती येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवते. ही मम्मा, हे घोड्यावर पप्पा, हे मासेवाले आजोबा, ही दाढीवाली आजी.

"आणि हा चड्डीवाला कोण गं?" पाहुणे विचारतात.

"तो मामा," ती सांगते. "त्याला बाजारातलं सगळं कळतं."