पेल्यात न बघणारी मुलगी

पाण्याचा पेला जवळ नेला की ती मान फिरवायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. सिस्टरने जरा जबरदस्ती केली तेव्हा तिने पेला असा भिरकावला की तो भिंतीवर आपटून कॉटखाली गेला. मग दोन्ही हातांनी गळा धरून ती थरथरत बसली.

डॉ. साळवी वॉर्डच्या दारातच उभे होते. मला पाहून बाजूला आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हिच्या पोटरीवर कुत्रा चावल्याची खूण आहे. वडील म्हणतात, भातकापणीच्या वेळी पाड्यावरचं पिल्लू चावलं होतं. इंजेक्शन एकच घेतलंय. पुढची घेतलीच नाहीत."

मी दारातूनच तिच्या पोटरीकडे बघितलं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे औषधं लिहून देत नाही. माणसाचं ऐकते, त्याच्याशी बोलते आणि मनातली गाठ कुठे बसली आहे ते शोधते. जव्हार-मोखाड्याकडचे पेशंट माझ्याकडे येतात ते बहुधा सगळीकडे फिरून झाल्यावर. पण डॉक्टर जे सुचवत होते त्यात माझं काही काम नव्हतं. त्यात कोणाचंच काही काम नसतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळजवळ काहीच हातात राहत नाही. माणूस शुद्धीवर असतो, तहानेने कासावीस असतो आणि पाणी समोर आलं की घसा आवळतो. नोकरीच्या सुरुवातीला मी असा एक पेशंट पाहिला होता. पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तोंडावर वारं घातलं तर रेबीजच्या पेशंटला झटका येतो. हिला नाही आला. पण सुरुवातीला फसायला होतं. मी नाशिकला पाठवायची तयारी करतोय. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुम्ही एकदा बघा."

मुलीचं नाव अश्विनी. आश्रमशाळेत नववीला. तिथेच होस्टेलला राहणारी. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि हाताला सलाईन लावलं होतं. मी नाव विचारलं तर सांगितलं. काय होतंय विचारलं तर भिंतीकडे बघत बसली.

बाहेर बाकावर तिचा बाप, काशिनाथ. खोडाळ्याच्या पुढच्या पाड्यावरचा. मांडीवर आंबिलीचा डबा घेऊन बसलेला. मी दिसताच उठला.

"सायेब काय सांगत नाय, म्हंजी वाईटच हाय. मी पोर घरला नेतो."

"काशिनाथभाऊ, सलाईन काढलं तर ती टिकायची नाही."

"मरायचीच तर घरला मरंल. आनि भगताला दाखवीन. इथं कोन काय करतंय?"

तो मला ओलांडून आत गेला, डब्याचं झाकण उघडलं आणि नागलीची आंबील पेल्यात ओतून पोरीपुढे धरली. मी ओरडणार होते. ठसका लागला असता, घुसमटली असती. पण अश्विनीने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा रिकामा केला. मग पुन्हा पुढे केला.

डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. रेबीजमध्ये घसा आवळतो तेव्हा त्याला पाणी काय आणि आंबील काय, सगळं सारखंच. हिचा घसा ठणठणीत होता. हिला पाणी गिळायची भीती नव्हती. भीती पाण्याकडे बघायची होती. आंबील गढूळ, तिच्यात काही दिसत नाही.

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. "इंजेक्शनं मात्र आजपासून सुरू. आणि ही सगळी घ्यायची," ते काशिनाथवर जवळजवळ खेकसलेच. नाशिकला फोन करून तिथल्या डॉक्टरांशी बोलले आणि ॲम्ब्युलन्स थांबवून ठेवली.

तिला आणणाऱ्या होस्टेलच्या अधीक्षिका बाई खिडकीशी पदराशी चाळा करत उभ्या होत्या. मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं.

"हे कधीपासून?"

"रविवारपासून. आंघोळ नाही, पाणी नाही. आम्हाला वाटलं, घरची आठवण येत असेल."

"रविवारी काय झालं होतं?"

बाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रकल्प कार्यालयात, आमच्या वरच्या साहेबांना, सांगणार नाही ना? मुलींनीच हट्ट केला हो. पेनड्राइव्हवर एक भुताचा सिनेमा होता. वर्गाच्या खिडक्या बंद करून टीव्हीवर लावला. पण पूर्ण नाही झाला. मध्येच लाइट गेली."

आमच्याकडे लाइट गेली की गेली. ती परत कधी येईल, यावर पैज लावायला कोणी धजत नाही. आणि लाइट गेली की होस्टेलचा पंपही बंद. मग मुली कळशा घेऊन विहिरीवर जातात.

पुढचं अश्विनीने सांगितलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. सिनेमातली मुलगी पाण्यात वाकून बघते. पाण्यात तिचा चेहरा दिसतो. मग तो चेहरा हसतो. मुलगी हसत नसते, नुसता चेहरा हसतो. तो हळूहळू वर यायला लागतो आणि तेवढ्यात टीव्ही बंद. वर्गात अंधार, पोरींच्या किंकाळ्या. मग बाई म्हणाल्या, चला, पाणी भरून घ्या. अश्विनीची पाळी पहिली. ती विहिरीवर वाकली, तर खाली एक चेहरा.

"तुझाच असणार ना?"

"माहीत नाय, मॅडम. मी पळाली." मग तिनेच विचारलं, "ती गेली कुठं मग?"

"कोण?"

"ती बाई. लाइट गेली तवा ती वर येत होती."

दुपारच्या उजेडात, खिडकीबाहेर कोंबड्या कलकलत असताना, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

लोकांना वाटतं, भीती भुताने बसते. माझा अनुभव निराळा आहे. भीती वाटली आणि तिचा शेवट झाला, तर मन ती बाजूला ठेवून देतं. शेवट झालाच नाही, तर मन राखण करत बसतं. आणि ज्याची भीती वाटते ते टाळत गेलं की भीती आणखी घट्ट बसते. बाकीच्या मुलींनी दोन दिवस घोळक्याने जाऊन पाणी आणलं आणि त्या विसरल्या. ही मात्र एकटी वाकली आणि एकटीच पळाली.

मग उपाय सोपा वाटला. तिला सिनेमाचा शेवट सांगायचा. पण शेवट सांगायचा तर आधी तो बघायला हवा होता. भुताच्या सिनेमांना मी चळचळा कापते. कॉलेजात मैत्रिणी असला सिनेमा लावायच्या तेव्हा मी चहा करायला उठायची. तरी पेनड्राइव्ह मागवला. ओपीडी संपल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दार सताड उघडं ठेवून, अख्खा सिनेमा बघितला. शेवटी त्या भुताला विहिरीत पुरतात. सगळे घरी जातात. मला हायसं वाटलं. आणि मग अगदी शेवटी, स्वयंपाकघरातल्या पेल्यात, पुन्हा तोच चेहरा. हसतो आणि सिनेमा संपतो.

मी चक्क एक शिवी हासडली. पुढचा भाग काढायचा म्हणून ठेवलेलं ते शेपूट. हे या पोरीला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथने पिशवी भरून ठेवली होती. "कुतऱ्याचं नाय ना? मग आज गाडीनं नेतो." सलाईनवर ती तगून होती, आंबील पीत होती; पण पाण्याला अजून शिवत नव्हती. घरी गेली की भगत, मग जागरणं, आणि शाळा सुटली ती सुटलीच. एकदा पाड्यावर परतलेली नववीतली मुलगी पुन्हा होस्टेलला आलेली मी फार थोड्यांदा पाहिली आहे. पुढच्या वर्षी ती आई-बापाबरोबर वीटभट्टीवरच दिसते.

मी वेळ काढायला म्हणून अश्विनीला विचारलं, "तुमच्याकडे बोहाडा होतो ना? त्यात बाबा काय होतात?"

बोहाडा म्हणजे मोखाड्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं संबळाच्या ठेक्यावर नाचतात. त्याला सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

"त्राटिका," ती म्हणाली. "राक्षसीण."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची ना. सगळी पोरं पळायची. मीपन. पन मग बाबा मुखवटा काढायचा. घामानं नुसता निथळत असायचा. मी त्याला पानी द्यायची."

या पोरीला भीतीचा शेवट कसा करायचा, ते लहानपणापासून ठाऊक होतं. सिनेमात तेवढंच राहून गेलं होतं.

काशिनाथला मी बाहेर नेऊन सांगितलं, इथे एक सोंग काढायचं. तो दोन पावलं मागे सरला.

"अवेळी सोंग काढत नाय, मॅडम. देवीला इचारल्याबिगर मुखवट्याला हात लावायचा नाय."

"तुमचा मुखवटा नकोच. सिनेमातल्या त्या बाईचा करू. पुठ्ठ्याचा."

"ती कोनच्या घरची?"

"कोणाच्याच नाही."

"तेच तर वाईट," तो म्हणाला. "नाचली नि गेलीच नाय तर? ठेवायची कुठं?"

तो माणूस खरोखर घाबरला होता आणि खोटं कशाला सांगू, मीही. पण तो वॉर्डच्या दाराकडे बघत राहिला. मग पिशवी बाकावर ठेवून म्हणाला, "पुठ्ठा आना."

सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. चेहरा अश्विनीनेच मार्करने काढला. डोळ्यांपाशी आल्यावर मार्कर खाली ठेवला. "डोळे मी नाय काढनार." ते मी कात्रीने कापले. केसांसाठी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाडून लावल्या.

डॉ. साळवी म्हणाले, "मॅडम, हे हॉस्पिटल आहे, जत्रा नाही."

"पंधरा मिनिटं द्या. मग काय मेमो द्यायचा तो द्या."

वॉर्डच्या मागे, भर उन्हात, पाण्याने भरलेली बादली आणि शेजारी एक पेला ठेवला. सिस्टरने स्टीलच्या ट्रेवर ठेका धरला. काशिनाथने मुखवटा चढवला आणि त्याचे खांदेच बदलले. चाल बदलली. समोर सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा आहे, मागे आंबीलवाला बाप आहे, हे सगळं माहीत असूनही मला तिथून पळावंसं वाटलं. मी तो चेहरा आदल्याच दिवशी सिनेमातल्या पेल्यात पाहिला होता.

अश्विनीने माझं मनगट पकडलं. नखं रुतली. काशिनाथ नाचत नाचत बादलीपाशी आला आणि वाकला.

"बघ," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले होते.

"अश्विनी, बघ. मी आहे."

तिने बघितलं. पाण्यात तो चेहरा हलत होता. ती अशी किंचाळली की वॉर्डमधले नातेवाईक धावत बाहेर आले. डॉक्टर पळत आले. ट्रेचा ठेका थांबला. मला वाटलं, संपलं. आधी निदान आंबील तरी पीत होती, आता मी त्याहून वाईट करून ठेवलं.

तेवढ्यात काशिनाथने मुखवटा ओढून काढला. चेहरा घामाने डबडबलेला. धापा टाकत तो म्हणाला, "पानी दे गं."

मनगटावरची नखं सैल झाली. अश्विनी पुढे गेली. शेजारचा पेला उचलला, बादलीत बुडवला, भरला आणि बापाच्या हातात दिला. आपण काय केलं हे तिला पेला दिल्यावरच कळलं असावं. ती बादलीत वाकून बघत राहिली. पाणी हळूहळू स्थिर झालं. त्यात ती होती आणि शेजारी बाप होता. मग तिने दुसरा पेला भरला आणि उभ्याउभ्या प्याली.

मला रडू आलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत आत गेले. मेमो काही आला नाही.

मुखवटा ठेवायचा कुठे, हा काशिनाथचा प्रश्न राहिलाच होता. तो सिस्टरने सोडवला. तिने मुखवटा कात्रीने कापला आणि पिवळ्या पिशवीत टाकला. आमच्याकडे जाळायचा कचरा पिवळ्या पिशवीत जातो. काशिनाथने पिशवीची गाठ स्वतः तपासून बघितली.

अश्विनी होस्टेलला परतली. इंजेक्शनं पूर्ण केली. आता दहावीला आहे. मी शाळेत जाते तेव्हा भेटते. पाणी पिताना ती आधी पेल्यात नीट बघून घेते. पूर्वी बघायला घाबरायची, आता बघितल्याशिवाय पीत नाही. एवढं राहिलं आहे.

शिक्षकांच्या ट्रेनिंगला गेलं की हमखास कोणीतरी विचारतं, मॅडम, भुताचे सिनेमे बघून मनावर कायमचा परिणाम होतो का? मी सांगते, बहुतेकांवर नाही. पण मुलांना दाखवायचाच हट्ट असेल तर आधी स्वतः बघा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या दिवशी लाइट जाणार नाही याची खात्री करा. ती तुम्हाला करता येणार नाही. म्हणून दाखवू नका.

मला स्वतःला विचाराल, तर माझ्या बाथरूममधल्या बादलीवर मी तेव्हापासून झाकण ठेवते. नवऱ्याला डासांचं कारण सांगितलं आहे.