थोडं पिवळं करा

"एवढं लाल काहून आहे?" डायरेक्टर साहेबांनी माझा रिपोर्ट चिमटीत धरून विचारलं. "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शनवाले येऊन राहिले. थोडं पिवळं करता येईल का?"

मी नागपुरातल्या हॉस्पिटलांची कम्प्युटर सिक्युरिटी तपासतो. सॉफ्टवेअरमध्ये फटी राहतात, त्यांना आम्ही व्हल्नरेबिलिटी म्हणतो. कंपनी त्या बुजवायला दुरुस्ती पाठवते, तो पॅच. फट किती धोक्याची ते मी रंगानं दाखवतो. लाल म्हणजे आजच बुजवा, पिवळं म्हणजे सवडीनं.

इथं सगळ्यात लाल होता लॅबचा सर्व्हर. रक्ताचे सगळे रिपोर्ट त्यातूनच वॉर्डात जायचे. मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनीअरला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून सर्व्हरचं दार इंटरनेटवर कायम उघडं होतं. पासवर्ड होता हॉस्पिटलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

"सर, रंग बदलून फट बुजत नाही. दार बंद करू, पॅच टाकू. सर्व्हर वीस मिनिटं बंद ठेवावा लागेल."

"वीस मिनिटं? आणि पेशंटचं काय?"

प्रश्न रास्त होता. त्याच महिन्यात मंत्री नव्या विंगची फीत कापायला आले, तेव्हा पेशंटची लिफ्ट सकाळभर बंद होती. त्या दिवशी हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मी रंग बदलला नाही. चार दिवसांनी आयटी मॅनेजर नितीन खालच्या आवाजात म्हणाला, "सर, इन्स्पेक्शनच्या फाइलला तुमच्या रिपोर्टची पिवळी कॉपी लागली." इन्स्पेक्शन छान पार पडलं. प्रमाणपत्र रिसेप्शनवर गणपतीशेजारी झळकलं.

रिपोर्टच्या शेवटी मी सुचवलं होतं, प्रत्येक वॉर्डानं अर्धा तास कम्प्युटरशिवाय काम करून बघावं. रिपोर्ट हातानं लिहून घ्यायचा एक फॉर्मही सोबत जोडला होता. सगळ्या विभागांनी 'सराव पूर्ण' असं लिहून सह्या दिल्या. सराव खरंच केला तो एकट्या आयसीयूच्या इनचार्ज मेश्राम सिस्टरांनी. वर फोन करून मलाच झापलं. "सर, तुमच्या फॉर्मवर बेड नंबरच नाही. कोणाचा रिपोर्ट कोणाले लावू?" मग त्यांनी फॉर्म स्वतः आखला आणि गठ्ठाभर झेरॉक्स काढून ठेवल्या.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी नितीनचा फोन. "सर, लॅबच्या फाइली उघडूनच नाही राहिल्या. स्क्रीनवर इंग्रजीत धमकी आहे."

कुणीतरी फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागत होतं. मी पोचलो, आधी नेटवर्कच्या वायरी काढायला लावल्या.

"अँटिव्हायरस होता ना आपल्याकडे?" डायरेक्टर साहेब माझ्यावरच घसरले.

"होता, सर. पण चोर पासवर्ड टाकून दारातून आत आला."

वर आयसीयूत कुही गावचे एक आजोबा होते, किडनीचे पेशंट. त्यांच्या पोटॅशियमचा रिपोर्ट येणार होता. ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. मी आत गेलो तेव्हा सिस्टर फोनवर होत्या. पलीकडे लॅबचा टेक्निशियन सांगत होता, सिस्टिम सुरू झाली की पाठवतो.

"सिस्टिम गेली खड्ड्यात! मशीनच्या स्क्रीनवर आकडा दिसते ना? नाव वाच. बेड वाच. आता आकडा. थांब, मी लिहिलेलं वाचून दाखवते, तू ऐक."

आकडा धोक्याचा होता. डॉक्टरांनी तिथल्या तिथं इंजेक्शन दिलं, दुपारच्या आत डायलिसिस लावलं. आजोबा पुढच्या आठवड्यात घरी गेले. त्यांच्या आणि घरच्यांच्या मते हॉस्पिटल फार चांगलं आहे.

इतर वॉर्डांनी सिस्टरांच्याच फॉर्मच्या झेरॉक्स मारल्या आणि हॉस्पिटल चार दिवस कागदावर चाललं. गेटवर बोर्ड लागला, 'नियोजित अपग्रेडमुळे गैरसोय, क्षमस्व'. खंडणी दिली नाही. बॅकअप त्याच सर्व्हरला जोडलेला, त्यामुळे तोही गेला. जुने रिपोर्ट कायमचे बुडाले. नवा सर्व्हर बसवल्यावर पॅच टाकायला अठरा मिनिटं लागली.

मग सायबर सिक्युरिटी कमिटी झाली. अकरा जण. मी विचारलं, मेश्राम सिस्टर कशा नाहीत?

"त्या नर्सिंगच्या आहेत," डायरेक्टर साहेब म्हणाले. "हा टेक्निकल विषय आहे."

आता मी नव्या हॉस्पिटलात गेलो की आयटी रूमच्या आधी वॉर्डात जातो. इनचार्ज सिस्टरला विचारतो, आत्ता कम्प्युटर बंद पडला तर काय कराल? निम्मा रिपोर्ट त्या उत्तरातच मिळतो. आणि कमिटीची यादी मी वाचत नाही.