चंद्रावरचे साठ किलो

नरडाण्याजवळच्या शिवारात वेचणीचा कापूस तोलावा तो पुष्पाबाईनंच. एकेचाळीस वर्षांच्या या बाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यायचं काढलं आणि विज्ञानात दोनदा गचकली. वेचणीच्या बाया म्हणाल्या, "अक्का, आते पुरे कर." तिनं तिसऱ्यांदा फॉर्म भरला.

प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा होती. पाच मार्कांची. बाहेरच्या शाळेतून आलेले रतिलाल सर घाईत होते.

"साठ किलोचा माणूस चंद्रावर किती भरेल?"

"कोनता काटावर, सर?"

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

"काट्याचा काय संबंध, ताई? चंद्राची ओढ सहावा हिस्सा. दहा किलो. लिहा."

"मी नई लिखस. तराजूवर साठच भरी."

"पुन्हा नापास व्हायचंय का?"

पुष्पाबाईचं डोकं तापलं. "माणूस हलका व्हई, तशी दुसरा पारडामजारली मापंबी हलकी व्हतीन. मंग दांडी कसाले झुकी? दहा दखाडी तो ताणकाटा. तो ओढ मोजस, माल नई."

हे तिला पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. एके साली अंधार पडायच्या आत आटपावं म्हणून मालकानं चालत्या ट्रॉलीतच स्प्रिंगचा ताणकाटा टांगला. चाक खड्ड्यात उतरलं की वीस किलोचं गाठोडं पंधरा दाखवायचं, आदळलं की पंचवीस. कापूस तोच. बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात होत्या. पुष्पाबाईनं ट्रॉली थांबवली, काटा काढून फेकला आणि घरचा तराजू आणवला.

इथं प्रयोगशाळेच्या टेबलावर ताणकाटा आणि तराजू दोन्ही पडलेले होते. तिनं स्प्रिंगच्या काट्याला वजन अडकवलं आणि हात झपकन खाली नेला. "देखा, किती उतरना?" सरांनी पाहिलं. मग तिनं तराजू उचलला, दोन्हीकडे सारखं वजन टाकलं आणि तसाच हात खाली नेला. पारडी हिंदकळली, दांडी सरळच राहिली.

सरांनी काटा स्वतःच्या हातात घेतला. एकदा खाली नेला, परत एकदा नेला.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "वस्तुमान साठ किलोच. वजन सहावा हिस्सा." आणि वहीत चार मार्क टाकले.

"एक मार्क कसाले कापा?"

"उत्तर आधीच नीट सांगायचं ना."

"सवाल तुमी नीट इचारा व्हता का?"

"ताई, उठा आता. मागं रांग आहे."

"बलावा ना तेस्ले. मी आठेच बठेल शे." ती जागची हलली नाही.

पुढचा पोरगा पुढं यायला धजेना. सरांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई नरडाण्याचाच, तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी सरांनी चार खोडून पाच केले. पुष्पाबाईनं वाकून आकडा वाचला, खोडलेल्या जागी त्यांची सही करून घेतली आणि मग उठली.