कुणीही चालवावी अशी गाडी

मल्लिनाथशेठची शाळेची व्हॅन शुक्रवार पेठेत एकच माणूस चालवू शकत होता, आमचा शेजारी शहाजी. यात शहाजीचं कौतुक कमी आणि शेठला लाज नव्हती हेच जास्त. त्या व्हॅनचं स्टेअरिंग इतकं ढिलं होतं की फिरवत राहिलं तरी चाकं जागची हलायची नाहीत, आणि मग एकदम वळायची. कुठे किती आधी हात मारायचा ते शहाजीला सवयीने कळायचं.

शेठचा मेहुणा प्रभु घरी बसून होता. त्याला या व्हॅनवर लावा म्हणून शेठच्या बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. प्रभुने एकदा चालवून पाहिलीही. गल्लीच्या तोंडाशीच गाडी उसाच्या रसाच्या गाड्यावर गेली, आणि हा पठ्ठ्या घाम पुसत खाली उतरला तो पुन्हा चढला नाही. तेव्हापासून शहाजीची नोकरी पक्की. त्याची बायको केराबाई मला हसत म्हणायची, "ताई, त्या ढिल्या स्टेअरिंगवर आमची चूल पेटती बगा."

यंदा शाळा सुरू झाल्या आणि पुढच्या चाकांतून खटखट ऐकू यायला लागली. शहाजीने गाडीखाली पडून पाहिलं. स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे दोन्हीकडचे सांधे झिजून खुळखुळे झाले होते. एखादा निसटला असता तर चाक वाटेल तिकडे गेलं असतं. त्याने लगेच शेठला सांगितलं.

"चालतीय की!" शेठ म्हणाला. "तुझ्या हाताला बसलीय, मग कशाला खर्च?"

स्वतःची नात मात्र हा माणूस रिक्षाने शाळेत पाठवायचा. मला त्याची तिडीकच येते.

शेवटी शहाजीने पदरचे पैसे घालून नवे सांधे आणले. रविवारी दारातच गाडी जॅकवर घेतली, खाली दगड लावले. गंजलेले नट काही केल्या हलेनात. त्यांवर डिझेल सोडून ठेवलं, मग हातोडीचे घाव घातले, तेव्हा कुठे जुना सांधा निघाला. केराबाई उंबऱ्यात बसून बघत होती. आज तिला हसू येत नव्हतं.

"अवं, गाडी सरळ झाल्यावर तुमाला कोण ठिवंल?" ती म्हणाली.

"आत लेकरं असत्यात," शहाजी म्हणाला, आणि दुसऱ्या चाकाकडे गेला.

संध्याकाळी त्याने सुतळी ताणून दोन्ही चाकं सरळ रेषेत आणली आणि मला बसवून एक चक्कर मारली. गाडी नुसत्या बोटाने वळत होती. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. केराबाईचं म्हणणं खोटं ठरू दे, असंही वाटलं.

सोमवारी शेठने स्वतः गाडी चालवून पाहिली. स्वारी खूश झाली. "लई हलकी केलीस की रे शहाजी! आता कुणीबी चालवंल."

महिना संपायच्या आत किल्ली प्रभुकडे गेली. "घरचा माणूस हाय, समजून घे," एवढंच शेठ शहाजीला म्हणाला. प्रभु आता एका हाताने गाडी चालवतो. दुसऱ्या हातात मोबाईल असतो.

शहाजी हल्ली टेंभुर्णीच्या एका माणसाचा जुना टेम्पो चालवतो, केळी भरतो. परवा मला एक कपाट हलवायचं होतं म्हणून मी त्याच्या शेजारी बसले. निघाल्या निघाल्या मी सीटची कड घट्ट धरली. इथलंही स्टेअरिंग तसंच, हातात लुळं.

"शहाजीभाऊ, हे तुम्हाला नीट करता येतं ना?" मी विचारलं.

"येतं की," तो समोर बघत म्हणाला. "मालक सोता म्हनत हुते, मेकॅनिककडं टाकू म्हनून. मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मला चालतं."