तुमचा धर्म तर शांतीचा

त्यानं खीर तोंडात घेतली, गालातल्या गालात फिरवली आणि परत पातेल्यात थुंकली.

"आता वाटा गावाला," म्हणाला.

पातेलं भरलेलं होतं. नुकतंच झाकण काढलं होतं. पहिला कप मीच त्याच्या हातात दिला होता. तो मोटारसायकल थांबवून समोर उभा राहिला आणि हसला, म्हणून दिला. मला वाटलं, चला, सुभेदारांच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदा घेतंय. कप काठोकाठ भरला. वरून काजू टाकला. मी स्वतः निवडून टाकला. आजही आठवलं की मला त्या काजूची लाज वाटते.

वैशाखातली पौर्णिमा होती. बुद्धाची जयंती. आमच्या वस्तीची पद्धत अशी, की त्या दिवशी खीर करायची आणि गावाच्या मध्यावर, एसटीच्या थांब्याजवळ टेबल लावून येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायची. उपाशी बुद्धाला एका बाईनं खीर दिली होती, तिची आठवण म्हणून. आई पहाटेपासून चुलीपुढं बसायची. आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं, रेल्वेचा भोंगा ऐकू येईल इतकं जवळ. बागायतदार मंडळी थांब्यावर यायची, टेबलावरच्या फोटोला लांबून हात जोडायची आणि "शुगर हाय गड्या" म्हणून पुढं सरकायची. अख्ख्या गावाला नेमकी त्याच दिवशी शुगर व्हायची. आम्ही हसायचो. आई म्हणायची, "असूंदे. आपली लेकरं खातील." दूध डेअरीतलं असायचं, म्हणजे त्यांच्याच म्हशींचं. आमच्या चुलीवर चढलं की तेच दूध बाटायचं.

थुंकणारा मुलगा सुभेदारांचा. सुभेदार म्हणजे गावातलं वजनदार माणूस. पल्टनीतून रिटायर झालेले, घरचा ऊस, शब्दाला मान. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, आम्हीही. मुलगा विशीतला, सैन्यभरतीच्या तयारीत. रोज सकाळी आमच्या वस्तीवरूनच धावायचा. आमची पोरं त्याच्या मागं मागं धावायची.

माझे बाबा पुढं झाले. बाबा विहारात वंदना घेतात. गळा मोकळा. वस्तीत लग्न असो नाहीतर मयताचा कार्यक्रम, त्यांच्या आवाजाशिवाय सुरुवात होत नाही. त्यांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बाळा, अन्न हाय ते. असं करू न्हाई."

"अंगाला हात लावतूस?"

टेबलावरचं ओगराळं त्यानं उचललं. खीर वाढायचं, जाड दांड्याचं. ते बाबांच्या कानावर मारलं. मग परत मारलं. बाबा खाली बसले. बसताना त्यांचे हात जोडलेले होते. भीतीनं नव्हे, त्यांना ती सवयच आहे. थांब्यावर माणसं होती. सगळी शुगरवाली. एकही हललं नाही.

माझ्या पायांवर खीर सांडली होती, गरम. मला ती नंतर भाजली.

फिर्याद दिली. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, पण दिलीच. बाबांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. उजवा आधीपासूनच अधू. आता त्यांना स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नाही. वंदना अजून तेच घेतात. पण सूर घसरतो. मध्येच एकटेच पुढं निघून जातात, मध्येच थांबतात आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघतात, आपण कुठं आहोत म्हणून. बायका त्यांच्यासाठी सावकाश म्हणतात. त्या आवाजानं मला लहानपणी झोप लागायची. आता मला तो ऐकवत नाही. मान खाली घालून रडते. त्यांना वाटतं, पोरगी तल्लीन झाली.

माझा भाऊ संदीप त्या दिवशी साताऱ्याला होता. आला, बाबांचं डोकं बांधलेलं बघितलं आणि ऊस तोडायचा कोयता काढला. आई दारात आडवी उभी राहिली. "आदी मला तोड, मग जा," म्हणाली. तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग बाबांकडं बघून म्हणाला, "तुमच्या बुद्धानं आमच्या शेळ्या केल्या." बाबांना ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवसापासून तो विहारात पाऊल टाकत नाही. बापलेक एका घरात राहतात, बोलत नाहीत.

मी कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथंच खोली करून राहते. जयंतीला गावी गेले होते, दोन दिवसांनी कामावर परतले. राग माझ्याबरोबरच आला. खोक्याला चिकटपट्टी लावताना ती मी त्या पोराच्या तोंडावर लावत होते. रोज. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि घास गिळायचा नाही. छातीत निखारा. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं, राग म्हणजे दुसऱ्याला मारायला हातात धरलेला विस्तव, आधी आपलाच हात भाजतो. मला ते पटत होतं आणि विस्तव सुटत नव्हता.

आमच्या ऑफिसातल्या मॅडम विश्रामबागेत राहतात. एकदा फायली पोहोचवायला त्यांच्या घरी गेले होते. चपलांच्या कपाटावर बुद्धाचं मोठं मुंडकं, त्याच्यापुढं पाण्याचं कारंजं. मॅडमना कुणीतरी माझी हकिगत सांगितली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्यात तर मेडिटेशन असतं ना? मग एवढं मनाला लावून घ्यायचं नाही." बुद्ध सगळ्यांना आवडतो. बौद्धांचं तेवढं अडतं. मी फायली ठेवल्या आणि खाली येऊन सहा आसनी रिक्षा धरली.

वर्ष उलटून गेलं. कोर्टात माझ्या साक्षीची तारीख लागली, साताऱ्याला. त्याच्या आधीच्या रविवारी निरोप आला की सुभेदार विहारात येणार आहेत, बसून मिटवू. मी सकाळच्या रेल्वेनं गावी गेले.

ते खरंच आले. सरपंचांना घेऊन आले. बाहेर चपला काढल्या. मूर्तीपुढं वाकले. आमची म्हातारी माणसं हरखून गेली. एवढा मोठा माणूस आपल्या विहारात, आपल्या सतरंजीवर! जन्मभर बाबांना "किसन्या" म्हणणारे सुभेदार त्या दिवशी "किसनराव" म्हणाले. बाबांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या उजव्या कानात सांगितलं, "तुम्हाला बोलावतायत."

आमच्यात कुठलीही बैठक त्रिशरण-पंचशीलाशिवाय सुरू होत नाही. भांडणाची असली तरी. मेणबत्ती लावली. बाबांनी घसरत्या आवाजात म्हणायला सुरुवात केली, आम्ही मागोमाग म्हटलं. पंचशील म्हणजे पाच गोष्टींपासून लांब राहण्याचा शब्द. जीव घेणं, चोरी, बदफैली, खोटं बोलणं, नशा. बाबा पाली म्हणून झालं की मराठीतही अर्थ सांगतात. सुभेदार डोळे मिटून, हात जोडून ऐकत होते.

मग डोळे उघडून ते बोलायला लागले.

"किसनराव, पोराचं चुकलं. बाप म्हणून कबूल करतो. पन पोरानं मैदान मारलंय. ह्या केसपायी भरती अडकलीया. वय निघून चाललंय. तुमी कोर्टात एवढंच म्हणा, गर्दीत धक्का लागला, तोल गेला, टेबलावर कान आपटला. लय काय न्हाई. तुमचा धर्म तर शांतीचा. बुद्ध काय सांगतो? राग धरू नगा. तुमीच माफ न्हाई केलं तर आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"आपलंच दात, आपलंच ओठ," सरपंच म्हणाले.

आमच्यातल्या एका आजीनंही मान हलवली. "व्हय बाई. पाण्यात राहून माशासंगं वैर नगं." मला तिचा राग आला नाही. तिच्या दोन सुना त्यांच्याच रानात मजुरीनं भांगलायला जातात.

बाबांच्या कानात मी सगळं सांगितलं. शब्द न् शब्द. त्यांनी मूर्तीकडं बघितलं. मग म्हणाले, "माज्या मनात राग न्हाई. त्या पोराला मी त्याच दिवशी माफ केलंय."

ते खरं होतं. माझ्या बापाच्या मनात खरंच काही नव्हतं. मला इतकं भरून आलं की काय सांगू. सुभेदारांनी श्वास सोडला, सरपंच हसले, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण थांब्यावरच्या बाकीच्या साक्षीदारांना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. उरले होते ते बाबा आणि मी.



"बाबांचा कान, बाबांची माफी. ती त्यांनी दिली," मी म्हणाले. "पण आबा, आत्ता हात जोडून आपण सगळ्यांनी काय म्हटलं? खोटं बोलणार न्हाई म्हटलं. मेणबत्ती अजून जळतीया. तुमी माफी मागाय आलाय, का खोटं मागाय आलाय?"

सुभेदार रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या पोटात लय राग हाय. तुला बुद्ध कळलाच न्हाई."

आमच्याच विहारात. माझ्या बहिऱ्या बापासमोर. ज्याच्या पोरानं आमच्या अन्नात थुंकलं, तो मला बुद्ध शिकवत होता. ओगराळ्याचा मार बाबांना लागला होता. हा मला लागला. आणि वाईट हे, की आमच्यातल्याच दोघातिघांच्या माना खाली गेल्या, जणू माझंच काही चुकलं.

"असंल," मी म्हणाले. "तुमच्या पोराला घेऊन या. हितं मूर्तीपुढं बसवा. काय केलं ते त्याच्या तोंडानं सांगू द्या. मग मी ऐकते तुमचं."

"त्यो न्हाई यायचा."

"मग मी जाते साताऱ्याला."

म्हणतात, मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. आमच्या गावात उलटं झालं. मारणाऱ्याचा हात कुणी धरला नाही. बोलणारीचं तोंड धरायला मात्र पुढारी आले, शेजारी आले, आणि शेवटी बुद्धालाही पुढं केलं.

त्या रविवारनंतर वस्तीतल्या बायकांना रानात बोलावणं बंद झालं. त्या आजीच्या सुनाही घरी बसल्या. आईला नळावर टोमणे ऐकू यायला लागले, "तुझ्या लेकीपायी." आई मला काही बोलली नाही. फोनवर नुसती विचारते, जेवलीस का. मला त्याचंच जास्त लागतं. संदीप म्हणाला, "कशाला एवढं? मी एका मिनटात निकाल लावला असता." मी त्याला सांगितलं, "तू हात उचललास की उद्या गावात फक्त तुझ्या हाताची गोष्ट राहील. बाबांच्या कानाची कुणी काढणार नाही." तो ऐकून घेतो. पटतंच असं नाही.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. बाबा शेजारी, गर्दीकडं बघत. माझ्याजवळ एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्या मुलाची आई. तिनं माझा हात धरला. त्या घरातल्या कुणी माझा हात धरला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. तिचा तळवा खरखरीत होता. कामाचा.

"बाई, त्याचं वाटुळं करू नगं," ती म्हणाली. "लय बारीक झालाय गं. जेवत न्हाई. भाईर जात न्हाई. मी पाया पडते तुझ्या."

ती खरंच वाकायला लागली. मी तिला धरलं. आणि मग आम्ही दोघी रडलो. तिथंच, वकिलांच्या येण्याजाण्यात. तिच्या पोरानं माझ्या आईच्या खिरीत थुंकलं होतं आणि मी तिच्यासाठी रडत होते. वर्षभर छातीत धरलेला निखारा मी चाचपून बघितला. नव्हता. मला भीतीच वाटली. राग होता तोवर सोपं होतं. रागाच्या जोरावर माणूस कुठंही घुसतं. आता नुसतंच खरं उरलं होतं, आणि ते घेऊन एकटीनं आत जायचं होतं.

माझं नाव पुकारलं. तिनं हात सोडला नाही. मला सोडवून घ्यावा लागला.

आत तो उभा होता. खरंच बारीक झाला होता. मी शपथ घेतली आणि सांगितलं. कप कुणी दिला, खीर कुणी थुंकली, ओगराळं कुणी उचललं, किती वेळा मारलं.  मग त्यांचे वकील उठले.

"तुमच्या मनात आरोपीबद्दल राग आहे, हे खरं की नाही?"

"होता," मी म्हणाले. "आता नाही. त्यानं मारलं, ते मात्र आहे."

निकाल अजून लागलेला नाही. काय लागेल, माहीत नाही. गावात आमच्याशी बोलणं बंद आहे. त्या पोराचं भलं होऊ नये असं मला वाटत नाही. कधी कधी तर त्याच्या आईचा तळवा आठवून जीव तुटतो. मी त्याच्यावर हात उगारणार नाही आणि माझ्या भावाला उगारू देणार नाही. पण माझ्या बापाचा कान टेबलावर आपटला, असं माझ्या तोंडून कुणालाही ऐकायला मिळणार नाही. वरच्या कोर्टात नाही, गावात नाही, आणि कुणी बुद्धाची शपथ घालून विचारलं तर मुळीच नाही.