बिछान्याची राखणदार

सौंसरच्या बाजारामागं मनकर्णा राहायची. पाठीमागं लोक हिजडा म्हणायचे, तोंडावर मावशी. मोहगावापासून रामाकोन्यापर्यंत कुठं बाळ जन्मलं की ही टाळी वाजवत हजर. नाचून नाचून गुडघे गेले, तेव्हा नाच सोडला आणि नुसते आशीर्वाद देत हिंडू लागली.

एक्याऐंशीच्या जनगणनेत रघुनाथराव मास्तर तिच्या दारी आले. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. शब्दाची सात पिढ्यांची हकीकत सांगितल्याशिवाय या माणसाला अन्न पचत नसे.

"मले कशात लिहून राहिले, मास्तर?"

"पुरुषांत. पुस्तिकेत तसंच सांगितलं आहे. युनक असला तर पुरुषांत मोजा."

"युनक म्हंजे? शिवी हाय का?"

झालं. मास्तर तिच्याच खाटेवर टेकले. म्हणाले, शब्द ग्रीक लोकांचा. युने म्हणजे बिछाना, एखेन म्हणजे राखणं. राजाचा बिछाना राखणारा तो युनक. राजा झोपला की त्याचा जीव याच्या हाती. आपल्याकडं बादशहाच्या वाड्यात याच माणसांना ख्वाजा म्हणत, म्हणजे मोठा माणूस, मालक. त्याचंच पुढं खोजा झालं.

"म्हंजे नोकरी होती."

"मोठ्या विश्वासाची. पण त्यासाठी पोरांना लहानपणीच..."

"ते राहू द्या. ते मले ठाऊक हाय."

मास्तरांनी पुस्तिका मिटून पुढचं घर गाठलं.

चार वर्षांनी मास्तरांच्या बायकोला, देवकाबाईंना, लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत. मुलगा श्रीकांत भिलाईला. तो म्हणे, तिकडं दवाखान्यात ठेवू. बाईंनी एकच धोशा लावला: मरीन तर याच घरात. पण घरात त्यांचं करायचं कोणी? कामाला ठेवलेली एक बाई तीन दिवस टिकली, दुसरी दीड. मास्तरांना चहासुद्धा जमत नव्हता. श्रीकांतनं गाडी ठरवली.

गाडी येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मनकर्णा दारात उभी.

"बिछाना राखाले आली, मास्तर. तुमीच सांगतलं होतं, आमचं काम हाय म्हणून."

आतून बाईच बोलल्या, "येऊ द्या तिले. हात मजबूत दिसून राहिले."

गाडी रिकामी गेली. गल्लीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. मनकर्णा मात्र नोकरीवर रुजू झाल्यासारखी वागली. बाईंना उचलायचं, न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, सगळं तीच करी. भेटायला आलेल्या केशवरावांनी बिछान्याशी बसून बिडी काढली, तर त्यांना बिडीसकट अंगणात आणून बसवलं. केशवराव मास्तरांचे सख्खे मेहुणे, पण कायदा म्हणजे कायदा. दोन वर्षं हा पहारा चालला. बाई तिला म्हणाल्या होत्या, "शेवटची आंघोळ तूच घाल. बाकीच्या बायका नुसतं पाणी ओततीन." मनकर्णानं हो म्हटलं होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांना आशीर्वाद दिले. तिच्याकडं असं हक्कानं कोणी काही मागितलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या पौषात सकाळी बाई गेल्या. सवाष्ण गेली, म्हणून गल्लीतल्या बायका जमल्या. मागच्या अंगणात चादरीचा आडोसा झाला, हिरवं लुगडं आलं. मनकर्णा तांब्या घेऊन पुढं झाली, तशा शेजारच्या कलाबाई आडव्या आल्या.

"सवाष्णीची आंघोळ हाय. हे बायांचं काम. तू भाईर थांब."

मनकर्णानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर भिंतीकडं पाहत होते. मनातून फार वाईट वाटलं तिला, पण मयताच्या घरी भांडायचं कसं? तांब्या खाली ठेवून ती चादरीबाहेर जाऊन उभी राहिली. आत बायकांनी बाईंना वळवायला हात घातला.

"डाव्या कुशीवर नका वळवू," मनकर्णा बाहेरून म्हणाली. "तिथं पडून पडून चट्टा पडला हाय. दुखते बाईले."

आता काही दुखणार नव्हतं, हे आतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी हात थांबले. मग कलाबाईंनी चादर एका बाजूनं वर धरली आणि म्हणाल्या, "ये. तूच सांग कसं धरायचं ते."