दहा बाय नऊची खोली

संध्या सिरसाट सकाळी उठायची तीच थकून. अकोल्यातल्या एका शाळेत ती एकोणीस वर्षं गणित शिकवत होती, असं म्हणायचं. खरं तर त्यातली निम्मी वर्षं मतदारयाद्या तपासण्यात, दारोदार फिरून माणसं मोजण्यात आणि खिचडीचे फोटो मोबाइलवरून वर पाठवण्यात गेली होती. लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या की उरल्या वेळात शेकडेवारी.

यंदाच्या सातवीला टक्के काही केल्या कळेनात. पुस्तकात व्याज होतं, नफा-तोटा होता आणि मुलांच्या चेहऱ्यावर अंधार होता. एका दुपारी घसा बसलेला असताना तिनं फळ्यावर एक चौकोन काढला. म्हणाली, "ही खोली. हातात सहा हजार रुपये आहेत. सजवा. कशावर किती टक्के खर्च करायचा ते सांगा."

मागच्या बाकावरून श्रावण म्हणाला, "मॅडम, खोली कोनाची हाय?"

"समज, तुझी."

"आमची तं एकच खोली हाय मॅडम. तिच्यातच सारे रायतो आमी. तिले काय सजवू?"

पोराचं काही चुकलं नव्हतं. त्या वर्गात एकालाही स्वतःची खोली नव्हती, आणि जे नाहीच त्याचे टक्के काढत बसायला ती पोरं काही वेडी नव्हती. वाद घालायचं संध्याच्या अंगात त्राण नव्हतं. "बरं, माझी समजा," ती म्हणाली.

समजायचं कशाला, होतीच. जठारपेठेतल्या वडिलांच्या घराची मागची खोली. पुढे थोरला भाऊ मोतीराम, पौर्णिमा वहिनी आणि सुट्टीला आला की त्यांचा मुलगा सुगत, मागे संध्या. लग्न राहून गेलं. आधी आईचं दुखणं, मग वय, मग सवय. खोलीच्या भिंतींना पोपडे आले होते. गव्हाची कोठी, जादा सिलिंडर, पाहुण्यांच्या गाद्या, सुगतची मोडकी सायकल. घरात ज्याला जागा नाही ते सगळं त्या खोलीत यायचं, आणि त्यातच संध्याही होती.

खोली खरी आहे म्हटल्यावर वर्ग असा जागा झाला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. खिडक्या किती? ऊन कोणत्या बाजूनं येतं? दुसऱ्या दिवशी तिनं टेपनं मोजून माप आणलं, दहा बाय नऊ. रंग आणि पुट्टी, रंगाऱ्याची मजुरी, पडदा, पुस्तकांची फळी, सगळ्यांचे टक्के फळ्यावर चढले आणि बेरीज आली एकशे दहा.

"शंभराच्या वर जाता येत नाही रे," संध्या म्हणाली.

"आमच्या घरी तं दर महिन्याले जाते मॅडम," श्रावण म्हणाला. वर्ग हसला. संध्याही हसली, आणि किती दिवसांनी हसलो हे तिचं तिलाच जाणवलं.

मग छाटाछाटी सुरू झाली. पडद्यावरून भांडण, फळीवरून भांडण. रडतखडत बेरीज शंभराच्याही खाली ब्याण्णववर आली, तेव्हा आठ टक्के उरले होते. ते कशाला ठेवायचे यावर मैना नावाची एक मुलगी उठली. ही एरवी तोंड उघडायची नाही. म्हणाली, "ते मॅडमच्या मनाचं राहू द्या." आणि सहा हजारांचे आठ टक्के म्हणजे चारशे ऐंशी, हे तिनं बोटं न मोजता सांगितलं.

तास संपताना तिनंच विचारलं, "मॅडम, तुमी खरंच करून राहिल्या काय? मंग आमाले फोटो दाखवजा."

संध्या हो म्हणाली, आणि शिक्षकानं वर्गाला हो म्हटलं की सुटका नसते. पुढच्याच आठवड्यात रंगारी आला. वर्गानं मतदान करून ठरवलेला मोरपंखी रंग एका भिंतीला, बाकीच्यांना पांढरा. कोठी आणि सिलिंडर स्वयंपाकघरात गेले, सायकल भंगारात. मनाच्या आठ टक्क्यांतून तिनं एक टेबललॅम्प आणला. चार रात्री ती त्या खोलीत इतकी गाढ झोपली की गजर ऐकू आला नाही.

आता घोटाळा कसा झाला पाहा. आमच्या गल्लीत घराला रंग लागतो तो दोनच कारणांनी: चौदा एप्रिलची जयंती आली म्हणून, नाहीतर लग्न निघालं म्हणून. जानेवारीत चौदा एप्रिल कुठला? रंगाऱ्याची शिडी दिसताच समोरच्या गोदाबाईंनी विचारलं, "काय वं संध्या, लगन निघालं काय घरात?" आणि संध्याला 'माझ्यासाठी रंगवते आहे' असं म्हणायची लाज वाटली. पन्नाशीला टेकलेल्या एकट्या बाईनं स्वतःसाठी मोरपंखी भिंत करायची! ती पुटपुटली, "शाळेचं काम आहे." यावर कोण विश्वास ठेवणार? गोदाबाई समजूतदारपणे हसल्या.

त्याच महिन्यात सुगतचं अमरावतीच्या मुलीशी जमलं होतं. तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात होता, तिथंच भाड्यानं राहायचा, लग्नानंतरही तिथंच राहणार होता. पण सणावाराला येतील तेव्हा नव्या जोडप्याला खोली नको? रविवारी दुपारी संध्या मतदारयादीचं काम आटोपून घरी आली तेव्हा तिची खाट पुढच्या खोलीत टीव्हीखाली आली होती, पुस्तकं माळ्यावर गेली होती आणि वहिनी मोरपंखी भिंतीसमोर उभी राहून रडत होती.

"पोराच्या लग्नासाठी कोनाले न सांगता एवढं केलं ताई तुमी," तिनं संध्याचे दोन्ही हात धरले. "आत्या असावी तं अशी. साऱ्या गल्लीले सांगतलं म्या."

वहिनी वाईट असती तर सोपं होतं. भांडता आलं असतं. पण बाई मनापासून रडत होती, आणि आयत्या बिळावर नागोबा असं तिला तोंडावर म्हणायला संध्याची जीभ रेटेना. ती नेहमीसारखी मान हलवून खाटेवर बसली. एवढ्यात मोतीराम बाहेरून आला आणि त्यानं टीव्ही लावला. तिच्या कानापाशी बातम्या ओरडू लागल्या.

उद्या सातवीला काय सांगायचं? फोटो कुठला दाखवायचा? मैना विचारणार, मनाचं काय आणलं. त्या पोरांनी टक्क्या-टक्क्यासाठी भांडून तिच्यासाठी खोली केली होती, आणि ती मान हलवून मोकळी झाली होती. तिला फार राग आला, आणि तो एकाच माणसाचा होता, स्वतःचा.

तिनं उठून टीव्ही बंद केला.

"दादा, ते खोली सुगतसाठी नाही रंगवली. माह्यासाठी रंगवली म्या. माही खाट आत ने."

वहिनीचं रडणं जागीच थांबलं. मोतीरामनं रिमोट खाली ठेवला. तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, सातवीच्या पोराला कळत नाही तसं. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "पन तुले खोली कायले पायजे वं?"

कोणतंही गणित तीन तऱ्हांनी समजावून सांगणाऱ्या संध्याला एकही तऱ्हा सुचली नाही. आईचं दुखणं काढलं ते सांगावं, की घरावर स्लॅब टाकायला आपल्या पगारातले किती टक्के गेले ते सांगावं? हिशेब मांडायचाही तिला कंटाळा आला.

"झोपाले," ती म्हणाली. "थकली मी, दादा."

बहीण थकली आहे हे मोतीरामला आज पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. तो उठला, वाकला आणि त्यानं खाटेचं एक टोक धरलं. दुसरं टोक वहिनीनं धरलं.